बिघडलेला रिमॅप: निदान कसे करावे आणि दुरुस्ती कशी करून घ्यावी

डिझेल गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रिमॅप करून घेणे, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी त्यातली फाइल बदलून घेणे, ही पुण्या-मुंबईकडे आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. नीट झालेला रिमॅप गाडीला खरोखर हलकेपणा देतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. अडचण अशी की वाईट रिमॅपसुद्धा पहिले काही दिवस तितकाच सुखद वाटतो. पिकअप वाढलेले असते, मालक खूश असतो, आणि सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात किती डिझेल जात आहे किंवा टर्बोवर (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या भागावर) किती ताण येत आहे हे कोणीही मोजलेले नसते. काही महिन्यांनी धूर वाढतो, क्लच घसरू लागतो, आणि मग गॅरेजमध्ये एकेक सुटा भाग बदलण्याचा खर्चिक खेळ सुरू होतो. त्या खेळात पडण्याआधी कोणत्या क्रमाने काय तपासावे, ते या लेखात सांगत आहे.

उदाहरण माझ्याच गाडीचे घेतो. तीन वर्षांपूर्वी मी बीएस-४ काळातली, दीड लिटर चार सिलिंडर डिझेल इंजिनाची एक जुनी सेडान घेतली. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे तिची ताकद ११० पीएस आणि टॉर्क २५० न्यूटन-मीटर. आधीच्या मालकाने रिमॅप करून घेतला होता, पण मूळ फाइल, बदललेली फाइल किंवा डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद यांपैकी काहीही त्याच्याकडे नव्हते. खंबाटकी घाटात संध्याकाळी चढताना आरशात पाहिले, तेव्हा मागच्या गाडीच्या दिव्यांच्या झोतात माझ्याच गाडीचा काळा धूर पडद्यासारखा पसरलेला दिसला. पाचव्या गिअरमध्ये जोरात दाबले की आरपीएमचा काटा वर जाई आणि वेग मात्र तिथेच राही.

पहिली तपासणी: टाकीचे ॲव्हरेज आणि डॅशबोर्डचे ॲव्हरेज

स्कॅनर लावण्याआधी करायची ही तपासणी फुकट आहे आणि डिझेल गाडीत तिच्यासारखी बोलकी दुसरी नाही. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर टाकी भरावी, पहिल्या ऑटो कटला थांबावे, ट्रिप मीटर शून्य करावा आणि पुढची टाकीही तिथेच तशीच भरावी. असे सलग तीन वेळा करून किलोमीटरला लिटरने भागावे. माझ्या डॅशबोर्डवर ॲव्हरेज २३.१ दिसत होते. तीन टाक्यांचा हिशोब १८.४ निघाला. डॅशबोर्ड मूळ फाइलवरसुद्धा थोडा उदार असतो, चार-पाच टक्क्यांचा फरक मी मनावर घेत नाही. इथे मात्र फरक पाव हिश्श्याचा होता.

याचे कारण समजून घेतले तर अर्धे निदान तिथेच होते. डॅशबोर्डवरचा आकडा टाकीतल्या पातळीवरून येत नाही. प्रत्येक स्ट्रोकला आपण किती मिलिग्रॅम डिझेल सोडले, याचा ईसीयू स्वतः हिशोब ठेवतो आणि त्यावरून तो आकडा काढतो. किती डिझेल सोडायचे हे आधी ठरते. मग तेवढे डिझेल त्या वेळच्या रेल प्रेशरला (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतल्या दाबाला) जाण्यासाठी इंजेक्टर किती मायक्रोसेकंद उघडा ठेवायचा, हे ईसीयू ड्युरेशन मॅपमधून, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांच्या एका तक्त्यातून, वाचतो. झटपट काम करणारा ट्यूनर बाकीचे सगळे मॅप बाजूला ठेवून हा ड्युरेशन मॅपच सरसकट ताणतो. त्यानंतर ईसीयूला वाटते की आपण ४४ मिलिग्रॅम सोडले, आणि सिलिंडरमध्ये गेलेले असते ५५. धुराची मर्यादा, टॉर्कची मर्यादा, गिअरबॉक्सला कळवायचा टॉर्क, इंजिनाच्या रक्षणाचे बाकीचे गणित, हे सगळे ४४ धरूनच चालू राहते. म्हणजे संरक्षण जागेवर असते, पण त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधलेली असते.

रेल प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये बसवल्या जाणाऱ्या ट्यूनिंग बॉक्सचा परिणामही याच जातीचा असतो. तो ईसीयूला खऱ्यापेक्षा कमी दाब दाखवतो आणि पंप दाब वाढवत राहतो. म्हणून बॉनेट उघडून सेन्सरपासून निघणाऱ्या वायरीवर हात फिरवून पाहावा. मध्येच परका कप्लर किंवा डबी सापडली तर ती काढून मगच पुढच्या तपासणीला लागावे. उलट ड्युरेशन मॅप फक्त वरच्या लोडलाच ताणलेला असेल, तर शहरातल्या चालवण्यात ॲव्हरेजचा फरक फारसा दिसणार नाही. तेव्हा ही तपासणी निर्दोष आली एवढ्यावरून फाइलला निर्दोष ठरवू नये.

फाइल बदललेली आहे का?

ओबीडी-२ स्कॅनरवर (गाडीच्या निदानाच्या सॉकेटला जोडायच्या यंत्रावर) वाहनाच्या माहितीचा एक भाग असतो. त्यात कॅलिब्रेशनचा क्रमांक आणि त्याच्याशी जोडलेला पडताळणी क्रमांक मिळतो. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, हात न लावलेल्या गाडीशी तुलना करावी. कॅलिब्रेशनचा क्रमांक तोच आणि पडताळणी क्रमांक वेगळा असेल, तर आतल्या मजकुराला हात लागलेला आहे. दोन्ही जुळले तरी हात लागलेलाच नाही असे सिद्ध होत नाही, कारण काही फाइलींत हा क्रमांक जुनाच दाखवण्याची सोय केलेली असते.

याच बैठकीत दोषांचे कोड वाचून घ्यावेत. पी ०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब) मागणीपेक्षा कमी, पी ०२३४ म्हणजे जास्त, पी ००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी. कोड एकही नसेल तर समाधान मानण्याआधी इग्निशन चालू करून चेक इंजिनचा दिवा क्षणभर पेटतो का ते पाहावे, आणि आत येणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरचा प्लग मुद्दाम काढून इंजिन काही वेळ चालवून पाहावे. एवढे करूनही कोड उमटला नाही, तर फाइलमध्ये कोडच बंद करून ठेवले आहेत असे धरून चालावे. माझ्या मते हा ट्यूनरचा सर्वांत गंभीर अपराध आहे, कारण पुढे कोणत्याही मेकॅनिकने केलेले निदान त्यामुळे खोटे ठरू शकते.

आधी इंजिन, मग फाइल

काळा धूर ही केवळ रिमॅपची खूण नव्हे. टर्बोनंतरचा होस फाटलेला असेल, ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही भाग इंजिनात परत सोडणारी झडप) उघडा अडकला असेल, इंजेक्टर ठिबकत असेल किंवा एअर फिल्टर चोंदला असेल, तरीही धूर येतोच. हे दोष तसेच ठेवून फाइल सुधारायला बसणारा ट्यूनर तुमचे पैसे आणि स्वतःचा वेळ दोन्ही घालवतो. म्हणून इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाचे) होस आणि क्लॅम्प स्मोक टेस्टने, म्हणजे आत धूर सोडून गळती शोधत, तपासावेत, इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (परत जाणारे डिझेल मोजण्याची) करावी, डिझेल फिल्टरचा इतिहास माहीत नसेल तर तो बदलावा, आणि टर्बोचे व्हेन (बूस्ट कमी-जास्त करणारी पाती) अडकत नाहीत ना ते, त्यांना फिरवणारा ॲक्च्युएटर हलवून पाहावे.

होस फाटल्याचा धूर आणि जास्त डिझेलचा धूर यांत फरक करता येतो. होस फुटलेला असेल तर एअरफ्लो सेन्सर हवा मोजतो, पण ती पुढे वाटेतच निसटते. परिणामी मोजलेली हवा भरपूर, बूस्ट मात्र मागणीपेक्षा कमी, आणि व्हेनची ड्यूटी (ईसीयू त्यांना देत असलेल्या आदेशाची टक्केवारी) शेवटच्या टोकाला गेलेली असे चित्र दिसते. बूस्ट मागणीबरहुकूम चालत असून धूर येत असेल, तर संशयाचे बोट डिझेलकडे वळते. माझ्या गाडीत एक क्लॅम्प ढिला निघाला. तो आवळला, बूस्ट सुधारला, पण धुरात तसूभर फरक पडला नाही.

लॉग घेणे

लॉग म्हणजे गाडी पूर्ण लोडवर चालत असताना ईसीयूच्या आत काय घडते त्याची सलग नोंद. स्वस्त ब्लूटूथ ॲडॉप्टर सेकंदाला मोजकेच आकडे देतो, म्हणून एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त गोष्टी निवडू नयेत. पहिल्या फेरीत आरपीएम, मागितलेला बूस्ट, प्रत्यक्ष बूस्ट, हवेचे मिलिग्रॅम आणि डिझेलचे मिलिग्रॅम घ्यावे. दुसऱ्या फेरीत आरपीएमसोबत मागितलेले व प्रत्यक्ष रेल प्रेशर, व्हेनची ड्यूटी, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि असल्यास एक्झॉस्टचे तापमान घ्यावे.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ३५०० पर्यंत न्यावे. एवढ्यातही वेग शंभरीच्या घरात जातो, म्हणून मोकळा, सरळ, हलक्या चढाचा रस्ता निवडावा, नोंदीचे काम शेजारी बसलेल्याकडे द्यावे आणि चालवणाऱ्याने फोनकडे पाहूच नये. जवळपास डायनो असेल तर तिथे भाड्याने तासभर घेणे याहून कितीतरी चांगले.

आता वाचन. माझ्या लॉगमधली २२०० आरपीएमची एकच ओळ घेतो. मागितलेला बूस्ट २३०० मिलिबार, प्रत्यक्ष २२९०, हवा ८४० मिलिग्रॅम, डिझेल ४४ मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅम डिझेल पूर्ण जळायला सुमारे १४.५ मिलिग्रॅम हवा लागते. ४४ गुणिले १४.५ म्हणजे ६३८. ८४० भागिले ६३८ म्हणजे १.३२. याला लॅम्बडा म्हणतात. १.३ च्या वर डिझेल इंजिनाने डोळ्यांना दिसेल असा धूर काढता कामा नये. १.२ च्या खाली तो दिसू लागतो आणि १.० च्या जवळ काळाकुट्ट होतो. कागदावर १.३२ आणि मागच्या काचेत काळा पडदा, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नव्हत्या. टाकीच्या हिशोबाने आलेला पाव हिस्सा मिळवला तर डिझेल ५५ मिलिग्रॅम होते आणि लॅम्बडा १.०५. डोळ्यांना दिसलेला धूर, टाकीचा हिशोब आणि लॉग हे तिघेही त्या आकड्यावर एकत्र आले.

आयडलिंगचा आकडाही पाहावा. बाकी सारे ठीक असताना गरम इंजिनाच्या आयडलिंगचे डिझेल तशाच दुसऱ्या गाडीपेक्षा ठळकपणे कमी दिसत असेल, तर ड्युरेशन मॅप खालपासून ताणलेला आहे.

रेल प्रेशरमध्ये मागणी आणि प्रत्यक्ष यांत क्षणभर फरक पडणे स्वाभाविक आहे, पण वरच्या आरपीएमला मागणी १६०० बार आणि प्रत्यक्ष १४५० असे सतत राहत असेल, तर पंपाची धाव संपलेली आहे आणि फाइल त्याच्याकडून न होणारे काम मागत आहे. बूस्टचा आलेख एखाद्या आकड्याला, समजा २५०० मिलिबारला, पट्टीने आखल्यासारखा सपाट झाला तर तो सेन्सरचा कमाल आकडा असण्याची शक्यता मोठी. त्यापुढे खरा दाब किती वाढला हे ईसीयूला कळतच नाही, आणि टर्बो फुटण्याच्या वाटेवरचा हा मुक्काम आहे.

आपल्याकडे घाटांमुळे आणखी एक मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो. मुंबईत बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १०१० मिलिबार असतो, पाचगणीला तो साधारण ८७० वर येतो. फाइलने दोन्हीकडे २३०० मिलिबारच मागितले, तर टर्बोला मुंबईत हवा २.२८ पट दाबावी लागते आणि पाचगणीला २.६४ पट. मूळ फाइलमध्ये उंचीप्रमाणे बूस्टची मागणी कमी करणारा एक मॅप असतो; घाईच्या रिमॅपमध्ये तो विसरला जातो किंवा आडवा येतो म्हणून सपाट केला जातो. त्यामुळे एक लॉग सखल भागात आणि एक घाटमाथ्यावर असे दोन लॉग घ्यावेतच.

मूळ फाइलवर परत

निदानाचा खरा निकाल इथे लागतो. गाडी मूळ फाइलवर आणायची आणि त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, शक्यतो तशाच हवेत पुन्हा लॉग घ्यायचा. दोष गेला तर तो फाइलचा होता. राहिला तर इंजिनाचा. ही पायरी टाळून थेट दुसरा रिमॅप मारणे म्हणजे ताप न मोजता औषध बदलण्यासारखे आहे.

मूळ फाइल म्हणजे त्याच गाडीच्या ईसीयूचा हार्डवेअर क्रमांक आणि सॉफ्टवेअर क्रमांक या दोहोंशी जुळणारी फाइल. ‘सेम मॉडेलची आहे, चालेल’ असे कोणी म्हणाले तर तिथून उठावे. आधी सध्याची फाइल वाचून जपून ठेवावी, कारण पुढे तुलना तिच्याशीच करायची असते. काही ट्यूनर ईसीयू प्रत्यक्षात वाचतच नाहीत, फक्त क्रमांकावरून आपल्या साठ्यातली फाइल काढतात. फाइल खरोखर वाचली असेल तर तसे लिहून घ्यावे. फ्लॅश करताना, म्हणजे फाइल ईसीयूत भरताना, बॅटरीला चार्जर जोडलेला असावा, एसी, दिवे आणि म्युझिक सिस्टिम बंद असावी, आणि चेकसम (फाइल शाबूत असल्याचा पडताळणी आकडा) दुरुस्त झाल्याची खात्री केल्याशिवाय चावी फिरवू नये. मध्येच व्होल्टेज पडले तर ईसीयू निकामी होऊन बेंचवर उघडण्याची वेळ येते.

माझी गाडी मूळ फाइलवर आली त्या दिवशी धूर थांबला आणि क्लचही घसरायचा थांबला. पुढच्या तीन टाक्यांत डॅशबोर्ड २१.० आणि प्रत्यक्ष २०.१ असा हिशोब आला. क्लच बदलण्याचा खर्च, जो मला दोन गॅरेजनी सांगितला होता, तो टळला.

फाइल कशी सुधारून घ्यावी

बहुतेकांनी इथेच, मूळ फाइलवर, थांबावे असे माझे प्रामाणिक मत आहे. तरीही रिमॅप हवाच असेल तर ट्यूनरशी पुढील क्रमाने बोलावे आणि त्याची उत्तरे ऐकूनच काम द्यावे.

वाढ वरून खाली यायला हवी. ॲक्सिलरेटर किती दाबला म्हणजे किती टॉर्क हवा हे सांगणारा मॅप, मग टॉर्कच्या मर्यादा, मग त्या टॉर्कला किती डिझेल लागेल याचा मॅप, मग स्मोक लिमिटर (हवेच्या मानाने डिझेलला मर्यादा घालणारा मॅप), आणि त्या डिझेलला पुरेल एवढी हवा मिळावी म्हणून बूस्ट. या साखळीतून डिझेल वाढले की ईसीयूला खरा आकडा माहीत असतो आणि संरक्षण डोळस राहते. इंजेक्टर बदललेले नसतील तर ड्युरेशन मॅपच्या मूळ आकड्यांना हात लावण्याचे कारण नाही. वरच्या लोडला मूळ मॅपची हद्द संपत असेल, तर त्याच वळणाने तो पुढे वाढवणे एवढेच समर्थनीय आहे.

स्मोक लिमिटर काढून टाकू नये, लॅम्बडा १.२५ च्या आसपास राहील असा ठेवावा. उंचीचा मॅप बूस्टच्या नव्या मागणीनुसार पुन्हा बसवावा. टर्बोआधीचे एक्झॉस्ट तापमान लांब चढावर ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे टिकून राहू नये. टॉर्कची वाढ क्लच आणि गिअरबॉक्स पाहून ठरवावी: सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), म्हणजे डीक्यू२००, २५० न्यूटन-मीटरसाठीच बनवलेला आहे, आणि मूळ इंजिनच तेवढे देत असेल तर वाढीला जागाच उरत नाही. मॅन्युअल गिअरबॉक्सवरही मी पंधरा-वीस टक्क्यांपुढे जाणार नाही, आणि तोही टॉर्क १८०० आरपीएमच्या खाली एकदम न येता हळूहळू चढणारा असावा, कारण कमी आरपीएमचा झटका क्लच, ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे झटके शोषणारे चाक) आणि कनेक्टिंग रॉड या तिघांनाही सोसावा लागतो. ईजीआर किंवा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) फाइलमधून बंद करून देतो असे कोणी सांगितले तर नकार द्यावा. बीएस-६ गाडीत तर जास्तीचा धूर थेट डीपीएफमध्ये साचतो, रिजनरेशन (साचलेली काजळी जाळण्याची क्रिया) वारंवार होते आणि इंजिन ऑइलमध्ये डिझेल मिसळून त्याची पातळी वर चढते.

कायद्याची बाजूही माहीत असावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. वॉरंटी आणि विम्याचा दावा हे प्रश्न वेगळे उभे राहतात. पीयूसीच्या वेळी बीएस-४ डिझेलला धुराच्या घनतेची मर्यादा १.६२ प्रति मीटर आहे. सुधारलेली फाइल त्याच्या बरीच खाली राहिली पाहिजे, आणि हा आकडा मी प्रत्येक फाइलनंतर मोजून घेतो.

पेट्रोल टर्बोसाठी थोडक्यात

तिथे मुख्य शत्रू धूर नसून नॉकिंग (ठिणगीशिवाय मिश्रण आपोआप पेटून बसणारे धक्के) असते. लॉगमध्ये प्रत्येक सिलिंडरचे इग्निशन (ठिणगीची वेळ) किती अंश मागे खेचले जात आहे ते पाहावे. एखाद्या सिलिंडरला अधूनमधून एक-दोन अंश ही काळजीची बाब नाही. सगळ्या सिलिंडरना प्रत्येक फेरीत सहा अंशांच्या पुढे खेचले जात असेल, तर टायमिंग फाजील आहे किंवा फाइल ज्या ऑक्टेनसाठी लिहिली ते पेट्रोल टाकीत नाही. पूर्ण बूस्टला लॅम्बडा साधारण ०.८० ते ०.९० असावा. फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या प्रमाणात करत असलेली दुरुस्ती) दहा टक्क्यांच्या पुढे असेल तर आयडलिंगला जास्त आणि आरपीएम वाढल्यावर कमी होणारा ट्रिम हवेची गळती सांगतो. लोडबरोबर वाढणारा ट्रिम पेट्रोल पुरवठा किंवा हवेचे चुकीचे मोजमाप सांगतो. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला हवेचे प्रमाण १४.७ ऐवजी सुमारे १३.५ लागते, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर काठाकाठाने बसवलेली फाइल आता तपासून घेणे गरजेचे आहे. स्पार्क प्लगचे अंतर कमी करायचे राहून गेल्याने वाढीव बूस्टला इंजिन मिस मारते, आणि हा साधा दोष कित्येकदा फाइलच्या माथी मारला जातो.

फ्लॅशनंतर

नवी फाइल पडल्यावर जुने अडॅप्टेशन (ईसीयूने शिकून ठेवलेल्या दुरुस्त्या) रीसेट करावे. इंजिन बराच काळ जास्त डिझेलवर चालले असेल तर ऑइल आणि ऑइल फिल्टर लगेच बदलावा. डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल तर हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. पहिला लॉग अर्ध्या ॲक्सिलरेटरवर, दुसरा पूर्ण, आणि तिसरा घाटात घ्यावा.

माझ्या गाडीचा नव्या फाइलवरचा तिसरा लॉग मी वाई सोडल्यावर पसरणी घाटात घेतला. पाचगणीजवळ फाइलने बूस्टची मागणी आपसूक २१०० मिलिबारवर आणली, डिझेल त्या प्रमाणात उतरले, लॅम्बडा १.२७ राहिला. मागून येणाऱ्या मित्राने वर पोहोचल्यावर सांगितले की सबंध चढात त्याला धूर दिसला नाही. तेव्हापासून दर दहा हजार किलोमीटरला मी तोच चढ, तोच गिअर आणि तीच पाच-सहा मापे घेतो. बूस्ट तेवढाच असून त्यासाठी लागणारी व्हेनची ड्यूटी आधीच्या लॉगपेक्षा वाढलेली दिसली, की त्याच दिवशी होस आणि क्लॅम्प तपासायला गाडी रॅम्पवर घेतो.